सर्दीची सुट्टी

सर्दी व्हावी म्हणून कोणी सुट्टी काढतं का? इंग्लंडमधल्या येओविल गावच्या हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी ऑलिव्ह प्राउट काढायची. हिवाळा आला की ती रजा टाकायची, बॅगेत जाड पायमोजे आणि विणकाम भरायची आणि बस धरून टेकड्यांवरच्या सर्दी-केंद्रात जाऊन राहायची. तिथले डॉक्टर तिच्या नाकात थेंब घालायचे आणि सगळे मिळून ती शिंकते का याची वाट बघायचे. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच, फक्त हिला ते फुकटात मिळत होतं.

कारखान्यातल्या बायका तिला सोडायच्या नाहीत. "काय गं, लोक समुद्रावर जातात आणि तू नाकात रोग भरून घ्यायला निघालीस?"

"तिला नवऱ्यापासून सुटका हवी असते, दुसरं काय," पलीकडची टेबलावरून मान न उचलता म्हणायची.

ऑलिव्हही हसायची. "आयतं जेवण मिळतं. भांडी घासायची नाहीत. तुम्हीही चला की."

हे काही खोटं नव्हतं. पण खरं कारण टिली होती.

टिली म्हणजे ऑलिव्हची मुलगी. चार वर्षांची व्हायची होती आणि सर्दीने गेली. नुसत्या सर्दीने. आधी नाक वाहिलं, मग ती छातीत उतरली. ऑलिव्हने हंसाच्या चरबीत कापूर घालून रात्रभर तिची छाती चोळली आणि सकाळी चोळायला काही उरलं नाही. डॉक्टर टोपी हातात घेऊन म्हणाले होते, "लहान मुलांच्या छातीत उतरणारी एक जात असते, बाई. कोणती, ते अजून कुणालाच माहीत नाही." ते वाक्य ऑलिव्हच्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं. कुणाला माहीत नाही, म्हणजे कुणीतरी शोधायला हवी. शोधणाऱ्यांना माणसांची नाकं लागणार. तिच्याकडे एक होतं.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. तिचा नवरा विल्फ भाजीच्या वाफ्यात खाली वाकून राहायचा आणि काही विचारायचा नाही. त्याला कळलं होतं, एवढं तिला कळत होतं.

वाईट एवढंच, की दोन हिवाळे जाऊनही ऑलिव्हला सर्दी झाली नव्हती. केंद्रात निम्म्या लोकांना सर्दीचे जंतू असलेले खरे थेंब मिळायचे आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते शेवटपर्यंत सांगायचे नाहीत. तरुण डॉक्टर हॅलेट तिला समजावायचे, "मिठाचं पाणी घेणाराही तितकाच लागतो, मिसेस प्राउट. तुम्ही नसलात तर आम्ही ताडून कशाशी बघणार?" ती मान हलवायची आणि घरी येऊन रडायची. मीठ-पाण्यासाठी का ती तिथे गेली होती?

या वर्षी तरी लागू दे, असं मनाशी म्हणतच ती तिसऱ्यांदा बसमधून उतरली.

केंद्र म्हणजे लढाईच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या लाकडी बराकी. एकेका बराकीत दोघा-दोघांसाठी खोल्यांची जोडी. जेवण थर्मासमधून दाराबाहेर ठेवलं जायचं. ठेवणारा लांब गेला की मग आपण दार उघडायचं. फिरायला टेकडीवर जायची मोकळीक होती, पण आपल्या जोडीदारावाचून कुणाच्याही तीस फुटांच्या आत जायचं नाही. समोरून कोणी आलं तर हात उंच करून "अंतर!" म्हणून हाक द्यायची. भोवतालच्या गावांतले मेंढपाळ इतके सरावले होते की ते हाक यायच्या आधीच कुत्र्याला ओढून बाजूला व्हायचे. एकदा जवळीक झाली की त्या माणसाचा हिशेब संपला. त्याचे सगळे दिवस वाया.

या नियमाचे भीष्म म्हणजे मिस्टर टॅपस्कॉट. रेल्वेत सिग्नलवर आयुष्य काढलेले हे म्हातारे गृहस्थ केंद्र सुरू झाल्यापासून येत होते. त्यांचा हात वर गेला की सिग्नलच्या दांड्यासारखा सरळ असायचा, तळवा समोर. बरोबर तीस फुटांवर उभं राहून ते गप्पा मारायचे, तेही ओरडून. पहिल्या वर्षी ऑलिव्हने त्यांना विचारलं होतं, तुम्ही कशासाठी येता.

"इथला मुरंबा चांगला असतो," ते टेकडीच्या त्या अंगाने ओरडले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि कुणीतरी शिंकलंच पाहिजे ना, पोरी!"

तिला ते उत्तर फार आवडलं होतं. घरी भांडी घासताना ती ते स्वतःशीच म्हणायची.

या खेपेला ऑलिव्हची जोडीदारीण होती फिलिपा, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणारी, खोलीभर पुस्तकं पसरून बसणारी.

"मी अभ्यासाला आलेय," तिने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. "घरी आई दर तासाला चहा घेऊन येते आणि लग्नाचं विचारते. इथे तिला तीस फुटांच्या आत यायची बंदी आहे. तुम्ही?"

"भांडी घासावी लागत नाहीत," ऑलिव्ह म्हणाली.

फिलिपाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हं. इथे प्रत्येकाजवळ एक सांगायचं कारण असतं आणि एक ठेवायचं. माझंही तसंच आहे, म्हणून म्हटलं." आणि ती पुस्तकात शिरली. पोरगी हुशार होती, आणि हुशार असून गप्प बसता येणारी होती.

थेंब घातले गेले. पहिले दिवस नुसते वाट बघण्यात गेले. मेट्रन कॅरडॉक तोंडाला फडकं बांधून सकाळी यायच्या, ताप बघायच्या आणि कागदी रुमालांची टोपली तपासायच्या. ऑलिव्हची टोपली कोरडी. नाक तर असं साफ, की लांबच्या बराकीतला भाजलेला पाव तिला इथे बसून ओळखता यावा. तिचा धीर सुटत चालला.

एका दुपारी फिलिपा वाचत बसली आणि ऑलिव्ह एकटीच टेकडीवर निघाली. थंडी कोरडी होती. तिने स्वतःच्या हाताने शिवलेले तपकिरी चामड्याचे हातमोजे घातले होते, आतून लोकरीचे. टिलीच्या वेळचेच होते ते. टिलीला एक खोड होती. ती आईचा पूर्ण हात कधी धरायची नाही, फक्त दोन बोटं धरायची आणि नाक वाहिलं की खुशाल हातमोज्याच्या पाठीवर पुसायची. ऑलिव्ह तिच्यावर ओरडायची. चामडं खराब होतं गं, म्हणायची. आता त्या ओरडण्याची आठवण झाली की तिला स्वतःची जीभ नकोशी व्हायची.

माथ्यावर पोचली आणि धुकं आलं. खालच्या दरीतून ते गुपचूप वर चढलं आणि बघता बघता मेंढ्यांचे आवाज थांबले, वाट गेली, कुंपण गेलं. पायाखालचं ओलं गवत आणि खडूची पांढरी माती तेवढी उरली. ऑलिव्ह घाबरली नाही. केंद्रात चहाच्या वेळेला घंटा होते, ती ऐकली की दिशा कळेल, असा विचार करून ती सावकाश चालत राहिली.

मग वास आला. कापराचा. आणि त्याखाली चरबीचा, उबट.

ऑलिव्हचे पाय थांबले. धुक्यात समोर कुणीतरी उभं होतं. जुना तपकिरी कोट, डोक्यावर चपटी टोपी, हात उंच, तळवा समोर. बरोबर तेवढ्याच अंतरावर.

"मिस्टर टॅपस्कॉट!" तिचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही यंदाही आलात होय? मला कुणी बोललंच नाही."

एरवी टेकडी दणाणून सोडणारा माणूस, पण आवाज आला तो अगदी हलका, जवळून आल्यासारखा.

"अंतर..."

"मी पुढे येतच नाहीये," ऑलिव्ह म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली. तेही एक पाऊल मागे सरले. हात वरच होता.

"अंतर... अंतर ठेव..."

आणि तेव्हा ऑलिव्हच्या उजव्या हाताची दोन बोटं कुणीतरी धरली.

लहान मूठ. चामड्यातून, लोकरीतून तिची ऊब आत आली, तापाची ऊब. ऑलिव्हला नियम ठाऊक होता. हात झटकायचा, बाजूला व्हायचं, जाऊन मेट्रनला सांगायचं. पण तिने हात झटकला नाही. ती खाली बघणारही नव्हती. खाली पाहिलं आणि तिथे कुणी नसलं तर... आणि असलं तर...

तिने फक्त बोटं थोडी खाली केली. लहान मुलाला उंच पडू नयेत म्हणून करतात तशी.

मुठीला ते बरं वाटलं असावं. हातमोज्याच्या पाठीवर काहीतरी हळूच घासलं गेलं, एकदा, पुन्हा एकदा. जवळच, कमरेच्या उंचीवर, नाक ओढल्याचा आवाज झाला. समोर म्हाताऱ्याचा हात तसाच ताठ होता. ऑलिव्ह तशीच चालू लागली, बोटं खाली ठेवून, लहान मुलाच्या चालीला आपली पावलं जुळवून. किती वेळ, ते तिला कधीच सांगता आलं नाही. रडू येत होतं आणि भीती वाटत होती आणि हे संपू नये असंही वाटत होतं.

केंद्राची घंटा झाली. दोन बोटं मोकळी झाली. धुक्यात लाकडी बराकी काळ्या दिसू लागल्या आणि टेकडीवर कुणीही नव्हतं.

"मिस्टर टॅपस्कॉट आलेत," आत येताच ती फिलिपाला म्हणाली. सांगण्यासारखं तेवढंच होतं. "शेवटच्या बराकीत असतील. ते नेहमी तिथेच असतात."

फिलिपाने लगेच बराकीतल्या फोनवरून तिकडे लावून बघितलं. घंटा वाजत राहिली.

सकाळी मेट्रनना विचारलं तर त्यांनी तोंडावरचं फडकं सारखं केलं. "ती बराक या वर्षी उघडलेलीच नाही, मिसेस प्राउट. टॅपस्कॉट उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, बिचारे. जायच्या आधी मला निरोप धाडला होता, माझी जागा कुणाला तरी द्या, रिकामी ठेवू नका." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "कुणी इतकं नेमाने वागलेलं मी पाहिलं नाही."

ऑलिव्ह पलंगावर बसली. तिला एकच गोष्ट आठवत होती. धुक्यात म्हाताऱ्याची नजर तिच्या तोंडावर नव्हतीच. ते तिच्या कमरेच्या बाजूला, खाली बघत होते. अंतर ठेव, हे त्यांनी तिला म्हटलं नव्हतं.

तिने हातमोजा उशीखालून काढून पाहिला. पाठीवर चंदेरी ओघळ होता, बोटभर लांब. अजून ओला. नाकाशी नेला तर कापूर.

दुसऱ्या दिवशी ऑलिव्हला शिंक आली.

सर्दी कसली, धुमाकूळ होता. डोळे, घसा, छाती, सगळं भरून आलं. फिलिपाने जेवण गरम करून दिलं, रात्री उशा लावून तिला उठवून बसवलं आणि स्वतः मात्र ठणठणीत राहिली. डॉक्टर हॅलेट रोज घशातून नमुना घेऊन जायचे आणि रोज त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. शेवटी एका सकाळी ते खुर्ची दाराशी ओढून बसले.

"मिसेस प्राउट, तुम्हा दोघींना आम्ही मिठाचं पाणी दिलं होतं."

ऑलिव्हने डोळे मिटले. पुन्हा मीठ-पाणी.

"मग ही सर्दी आली कुठून? मी रागावत नाहीये. कोण भेटलं तुम्हाला?"

कुणी भेटलं असं म्हटलं की तिसरं वर्षही वाया जाणार होतं. तिने विषय लांबवला. "तुम्हाला काय वाटतं डॉक्टर, कसली आहे ती?"

"आमच्याकडची नाही, एवढं नक्की." त्यांनी केसांतून हात फिरवला. "तुमचा नमुना काचेच्या नळीत वाढवायला घातला की मरून जातो. लहान मुलांच्या छातीत उतरणारी जी जात, तीच वाटते; मोठ्या माणसात ती टिकत नाही बहुतेक. लहान मुलाकडून मिळाली असती तर... दर हिवाळ्यात पोरं छाती भरून जातात, आणि आम्ही इतकी वर्षं तिच्या मागे आहोत, आणि हाताला काही लागत नाही. म्हणून विचारतोय."

फिलिपाने पुस्तक मिटलं होतं.

ऑलिव्ह उशीकडे बघत होती. जगात टिलीचं म्हणून तिच्याजवळ काय होतं? एक बाहुली, जिला आता नुसता कपाटाचा वास येत होता. एक फोटो, ज्यात ती हललेली होती. आणि हा ओघळ, जो टिलीने स्वतः येऊन उमटवला होता. हे कुणी कसं मागावं? आणि मागितलं नसताना आपण कसं द्यावं? पण मग ती इथे आली कशाला होती? भांडी घासायला लागू नयेत म्हणून?

तिने उशीखाली हात घातला. "मी अंतर मोडलं, डॉक्टर. टेकडीवर. एक मूल भेटलं."

"कुणाचं?"

"माझं."

ऑलिव्हला मूल नाही, हे डॉक्टर हॅलेटना माहीत होतं. त्यांनी हातमोजा घेतला आणि उजेडात धरला. इतके दिवस झाले होते आणि ओल वाळली नव्हती.

"हा परत मिळणार नाही," ते हळूच म्हणाले. "मला तो कापावा लागेल."

"कापा." तिचा आवाज बसलेला होता, पण सरळ होता. "अंगठ्याच्या बाजूने उसवा. शिवण माझीच आहे, तिथून लवकर सुटेल."

"ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव आम्ही बाटलीवर घालतो."

"टिली घाला."

ते गेल्यावर फिलिपा तिच्या पलंगावर येऊन बसली आणि तिचा हात धरून राहिली. ऑलिव्ह पोटभर रडली. फिलिपाने आपलं ठेवायचं कारण तेव्हा सांगितलं. तिचा धाकटा भाऊ होता. त्याहून जास्त तिने सांगितलं नाही आणि ऑलिव्हने विचारलं नाही.

वसंत ऋतूत एका दुपारी डॉक्टर हॅलेट स्वतः येओविलला आले. कारखान्याच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभे होते आणि बायका खिडकीतून माना काढून बघत होत्या. हा कोण गं ऑलिव्हचा, म्हणून खसखस पिकली होती. ऑलिव्ह एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"मला हे फोनवर सांगायचं नव्हतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा उजळलेला होता. "आता आम्हाला ती ओळखता येते. लस यायला वर्षं लागतील, पण सुरुवात झाली. टिली छान वाढतेय, मिसेस प्राउट."

ऑलिव्ह फाटकाच्या दगडावर खाली बसली. किती वर्षांनी कुणी तिला हे वाक्य म्हटलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तिने पुन्हा बॅग भरली. विल्फने विचारलं, "यंदाही?" ती म्हणाली, "कुणीतरी शिंकलंच पाहिजे ना." त्याने मान हलवली आणि पहिल्यांदाच तिची बॅग दारापर्यंत आणून दिली.

उजवा हातमोजा नव्हता, म्हणून डावाच काढायला तिने खण उघडला. डाव्याच्या पाठीवर चंदेरी ओघळ होता. ओला. तिने तो हातात चढवला.

बसथांब्यावर एक तरुण बाई उभी होती, ढकलगाडीत लोकरीच्या टोपीतलं बाळ. ऑलिव्ह जवळ जाताच बाळ खुदकन हसलं आणि गाडीतून पुढे झुकून त्याने हात लांब केला, कुणाच्या तरी हाताला लावायला. ते ऑलिव्हच्या कमरेच्या बाजूला, खाली बघत होतं. ऑलिव्ह भराभर मागे सरली, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली आणि तिने उजवा हात उंच केला, सरळ, तळवा समोर.

"अंतर," ती म्हणाली. "अंतर ठेव, बाळा..."

"मला म्हणालात?" त्या बाईने थांब्यावरून विचारलं.

ऑलिव्हने नाही म्हणून मान हलवली. बस आली. बाई बाळाला घेऊन चढली, ऑलिव्ह चढली नाही. हात तसाच वर धरून उभी राहिली, तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मात्र थोडी खाली होती. बस निघाली. मागच्या काचेला नाक लावून बाळ टाटा करत होतं, आणि ते ऑलिव्हकडे बघत नव्हतं.